‘कोणाला’ नाही, ‘कसं’ : हायस्कूलच्या मुलांना अमेरिकेचा अध्यक्ष कसा निवडतात ते शिकवायचं असेल तर

न्यू जर्सीत आमची रविवारची मराठी शाळा भरते, तिथे मी मोठ्या मुलांचा वर्ग घेते, नववी ते बारावीचा. निम्मी पोरं आईबाबांनी ढकलली म्हणून येतात आणि निम्मी व्हॉलंटियरचे तास मिळतात म्हणून, त्यामुळे व्याकरण काढलं की सगळ्यांच्या माना फोनमध्ये. पण निवडणुकीच्या वर्षी हीच पोरं भांडायला लागतात, ते पण मराठीत, मोडकंतोडकं का होईना. म्हणून मी चार रविवारांचा एक कार्यक्रम बसवलाय. खूप जणांनी मागितला म्हणून सगळा लिहून काढतेय, शाळा नसली तरी घरी चारपाच मुलं जमवून करता येईल.

पहिल्या वेळी मी काय माती खाल्ली ते आधी सांगते. संविधानापासून सुरुवात केली, १७८७, फिलाडेल्फिया, कलम दोन, तीस स्लाइड्स. दहाव्या स्लाइडला एक मुलगा झोपला. उरलेल्यांना जागं करायला म्हणून मी विचारलं, ‘तुमच्या घरी कोणाला मत देणार?’ आणि मग जे काय झालं, दोन मित्र महिनाभर एकमेकांशी बोलत नव्हते आणि मला पालकांचे लांबलचक मेसेज. चूक माझीच. तेव्हापासून वर्गात एकच नियम, फळ्यावर मोठ्या अक्षरात : कोणाला ते विचारायचं नाही, कसं ठरवलं ते विचारायचं. बाकी सगळं या एका वाक्यावर उभं आहे.

आधीची तयारी

सामान किरकोळ. राजमा अर्धा किलो, प्रत्येकाला एक वाटी, २७ बंद पाकिटं (कशाला ते पुढे येतंय), अमेरिकेचा राज्यांचा कोरा नकाशा आणि जमलं तर मागच्या निवडणुकीचा सॅम्पल बॅलट, म्हणजे मतपत्रिकेचा नमुना. आमच्याकडे निवडणुकीआधी तो पोस्टाने घरी येतो आणि बहुतेक लोक पिझ्झाच्या कूपनांबरोबर टाकून देतात, तो जपून ठेवा, त्याच्यासारखं शिकवायचं साधन नाही.

पालकांना आधी चार ओळींचा मेसेज टाका की सध्याच्या उमेदवारांवर चर्चा होणार नाही, प्रक्रियेवर होणार आहे. याने निम्मा ताप वाचतो.

आणि शब्द आधी ठरवून घ्या, कारण आपल्या मुलांचा गोंधळ वेगळाच असतो. पुण्याहून आजोबा फोनवर ‘राष्ट्रपती’ म्हणतात, मराठी पेपर ‘राष्ट्राध्यक्ष’ किंवा ‘अध्यक्ष’ लिहितात, आणि मुलांना वाटतं सगळं एकच. तर पहिल्याच दिवशी सांगून टाकायचं की भारताच्या राष्ट्रपतींना आजीआजोबा मत देत नाहीत, निवडून आलेले खासदार आणि आमदार देतात, आणि त्यातही प्रत्येक आमदाराच्या मताचं वजन वेगळं. १९७१ ची लोकसंख्या धरून ते काढतात, त्यामुळे महाराष्ट्राच्या आमदाराचं मत १७५, गोव्याच्या आमदाराचं २० आणि सिक्कीमच्या आमदाराचं ७. मुलं म्हणतात हे किती विचित्र. म्हणू द्या, तिसऱ्या रविवारी त्यांना स्वतःच्या देशातलं दाखवायचंच आहे.

पहिला रविवार : माणूस ठरवतो कसा

इथे वेळ द्या. नागरिकशास्त्राचं पुस्तक मतं मोजायची कशी ते शिकवतं, मत बनतं कसं ते नाही, आणि मुलांना खरी उत्सुकता त्याचीच असते.

मी आठ कार्डं करते, प्रत्येकावर एक काल्पनिक मतदार. नमुना म्हणून एक : पिट्सबर्गजवळची नर्स, वय ४४, युनियनमध्ये आहे, दर रविवारी चर्चला जाते, नवरा नैसर्गिक वायूच्या ड्रिलिंगवर कामाला, मुलीच्या कॉलेजचं कर्ज डोक्यावर, भाऊ सैन्यात होता. कार्ड वाचलं की मुलं लगेच ओरडतात, ही डेमोक्रॅट, नाही रिपब्लिकन, युनियन आहे ना, पण चर्च आहे ना, आणि मग कार्ड उलटं करा म्हणतात उत्तर बघायला. मागे उत्तर नसतंच. मागे लिहिलेलं असतं, ‘हिला तू कोणते तीन प्रश्न विचारशील?’ पहिल्यांदा चिडतात, पण तिसऱ्या कार्डापर्यंत प्रश्न चांगले यायला लागतात. मागच्या खेपेला एका मुलीने विचारलं होतं, ‘घरी पैशाचा हिशोब कोण बघतं?’ मला स्वतःला हे सुचलं नसतं.

मग राजमा. प्रत्येकाने एक कार्ड घ्यायचं, तो मतदार व्हायचं आणि वाटीतले दहा दाणे सहा कारणांमध्ये वाटायचे : पक्ष, खिसा म्हणजे महागाई नोकरी वगैरे, एखादा जिव्हाळ्याचा मुद्दा, उमेदवार माणूस म्हणून कसा वाटतो, आपल्या आजूबाजूचे लोक काय करतात, आणि सहावं म्हणजे ‘तो दुसरा नको’. हे सहावं विसरू नका, कित्येक लोकांचं अर्धं मत तिथेच असतं. दाणे मांडून झाले की प्रत्येकाने एका वाक्यात सांगायचं का.

आता तुम्ही बातम्या वाचायच्या, बनवलेल्याच. पेट्रोल महागलं. उमेदवार डिबेटमध्ये अडखळला. कारखाना बंद पडला. प्रत्येक बातमीनंतर जास्तीत जास्त दोन दाणे हलवायची परवानगी, आणि हलवायचेच अशी सक्ती नाही. गंमत बघा, ज्यांचे सहासात दाणे पक्षावर आहेत ते मख्ख बसून राहतात आणि एकदोन जणच हलवाहलव करतात. मी तेव्हा मुद्दाम काही बोलत नाही. कोणीतरी आपणहून म्हणतं, मग एवढा कोट्यवधींचा प्रचार या दोघांसाठीच चालतो का? बऱ्याच अंशी हो. एक म्हणजे हे डळमळणारे आणि दुसरं म्हणजे आपलेच पण मत द्यायला घराबाहेर न पडणारे. मिशिगन विद्यापीठातले अभ्यासक १९५० च्या दशकापासून मतदारांना भेटून हेच मांडत आले, की बहुतेकांची पक्षाशी नाळ आधी जुळते, बऱ्याचदा घरातूनच, आणि बातम्या मग त्याच चष्म्यातून दिसतात.

पण मुलांना असं वाटायला नको की सगळं ठरलेलंच असतं. यासाठी १९८० ची डिबेट चांगली. रिपब्लिकन उमेदवार रेगन यांनी शेवटी कॅमेऱ्याकडे बघून मतदारांना साधा प्रश्न टाकला, चार वर्षांपूर्वी होतात त्यापेक्षा आज तुमचं बरं चाललंय का? महागाई भडकलेली, इराणमध्ये अमेरिकन लोक ओलीस, आणि आठवड्याभरात रेगन जिंकले, इलेक्टरांच्या मतांत (ती काय ते तिसऱ्या रविवारी) ४८९ विरुद्ध ४९. प्रश्नाने निवडणूक जिंकली असं नका सांगू, एवढं सोपं नसतं ते. तो प्रश्न कोणत्या वाटीत पडतो तेवढं विचारा. खिशाच्या, आणि थोडा सहाव्या.

घरचा अभ्यास : मत देणाऱ्या एका मोठ्या माणसाची दहा मिनिटं मुलाखत. कोणाला दिलं ते विचारायचं नाही. ‘तुम्ही शेवटी कधी ठरवलं, आणि कधी मत बदललं होतं का?’ इतकंच. इथे एक नाजूक गोष्ट आहे, आपल्या वर्गात कित्येक मुलांच्या घरी मत देणारं कोणीच नसतं, आईबाबा एच-वनवर किंवा ग्रीन कार्डवर, नागरिक फक्त ते पोर. म्हणून शेजारी, बसचा ड्रायव्हर, शाळेतले सर, कोणीही चालेल हे आधीच सांगा, नाहीतर मूल उगाच ओशाळतं.

दुसरा रविवार : प्रायमरी

प्रायमरी म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवायला राज्याराज्यांत होणारं मतदान. आज दोन पक्ष काढायचे, तिखट पार्टी आणि गोड पार्टी. तिखटाकडून वडापाव, मिसळ आणि टाको उभे, गोडाकडून पुरणपोळी, गुलाबजाम आणि डोनट. खरी नावं वापरलीत तर भांडणं होतील. ही वापरलीत तरी होतात म्हणा, पण महिनाभर टिकत नाहीत.

वर्गाची पाच टेबलं करा, प्रत्येक टेबल म्हणजे एक राज्य. एकदम मतदान घ्यायचं नाही, एकेका टेबलाने द्यायचं आणि निकाल तिथल्या तिथे फळ्यावर. दुसऱ्या टेबलानंतर जो शेवटी असेल तो बाद. मग हेच सगळं टेबलांचा क्रम उलटा करून परत घ्या. आमच्याकडे पहिल्या फेरीत मिसळ जिंकली आणि उलट्या क्रमात वडापाव, पोरं तीच, जिभा त्याच. यापुढे सुरुवातीलाच मत देणाऱ्या आयोवा आणि न्यू हॅम्पशायरचं एवढं कौतुक का ते समजावून सांगावं लागत नाही. तारखा दाखवा : २०२४ मध्ये आयोवाचं रिपब्लिकन कॉकस (पक्षाच्या लोकांनी सभेत जमून केलेली निवड) १५ जानेवारीला, सुपर ट्यूसडे (एकाच दिवशी बऱ्याच राज्यांचं मतदान) ५ मार्चला, आणि १२ मार्चला दोन्ही पक्षांत आघाडीवरच्या उमेदवाराकडे पुरेसे डेलिगेट, म्हणजे पक्षाच्या अधिवेशनात उमेदवार ठरवणारे प्रतिनिधी, जमले सुद्धा. आमच्या न्यू जर्सीची प्रायमरी ४ जूनला. म्हणजे जेवणं उरकल्यावर आम्ही पानं मांडली.

दोन पक्षांचे नियम वेगळे असतात तेही करून बघता येतं. डेमोक्रॅट डेलिगेट मतांच्या प्रमाणात वाटतात पण साधारण १५ टक्क्यांच्या खाली राहिलात तर काही नाही, रिपब्लिकन पक्षात बऱ्याच राज्यांत जिंकणाऱ्याला सगळे किंवा बहुतेक. गोड पार्टी पहिल्या पद्धतीने चालवा, तिखट दुसऱ्या. कोणी कोणत्या प्रायमरीत मत द्यायचं हे मात्र राज्यागणिक बदलतं, त्यात फार शिरू नका, आपल्या राज्याचं तेवढं सांगा.

कोणीतरी हुशार विचारणारच, २०२४ मध्ये मग प्रायमरी न लढता हॅरिस उमेदवार कशा झाल्या? बायडन २१ जुलैला बाजूला झाले तोवर प्रायमरी संपल्या होत्या, उमेदवारी डेलिगेटांनी दिली. आणि हे पूर्वी काही जगावेगळं नव्हतं, १९६८ मध्ये डेमोक्रॅट पक्षाचे हम्फ्री एकही प्रायमरी न लढता उमेदवार झाले, त्यावरून आणि व्हिएतनाम युद्धावरून शिकागोच्या अधिवेशनात जो राडा झाला त्यानंतरच नियम बदलून प्रायमरीला आजचं महत्त्व आलं. बरोबर की चूक ते मुलांना आपसात वाद घालू दे, तुम्ही खडू घेऊन उभं राहा.

तिसरा रविवार : २७ पाकिटं

हा दिवस माझा सगळ्यात आवडता. इलेक्टोरल कॉलेज, म्हणजे अध्यक्षाला प्रत्यक्ष मत देणाऱ्या राज्याराज्यांच्या प्रतिनिधींचा (इलेक्टरांचा) गट, तोंडी सांगितलं की मुलांना कळतं पण पटत नाही, हातात पाकिटं दिली की पटतं.

पाच टेबलांवर ९, ७, ५, ३ आणि ३ अशी पाकिटं ठेवा. प्रत्येक पाकीट म्हणजे एक मतदार, आत ‘तिखट’ किंवा ‘गोड’ लिहिलेली चिठ्ठी. मुलं १४ असोत की ३०, फरक पडत नाही, टेबलावरची पाकिटं आपसात वाटून उघडायची. प्रत्येक टेबलाला इलेक्टर किती, तर पाकिटं अधिक दोन. हे अधिक दोन म्हणजे सिनेटर (संसदेच्या वरच्या सभागृहाचे, सिनेटचे, सदस्य), छोटं राज्य असो की मोठं, सगळ्यांना दोनच. म्हणजे ११, ९, ७, ५, ५, एकूण ३७, आणि जिंकायला १९ हवेत.

आता चिठ्ठ्या अशा भरायच्या. नऊच्या टेबलावर आठ तिखट, एक गोड. सातच्या टेबलावर चार गोड, तीन तिखट. पाचावर तीन गोड, दोन तिखट. तीनच्या एका टेबलावर दोन गोड, एक तिखट, आणि दुसऱ्यावर तिन्ही तिखट. पाकिटं उघडली की फळ्यावर आधी सगळी मतं मोजा : तिखट १७, गोड १०. तिखटवाले नाचायला लागतात, नाचू द्या. मग टेबलवार इलेक्टर मोजा, ज्या टेबलावर जो पुढे त्याला त्या टेबलाचे सगळे. गोड २१, तिखट १६. पुरणपोळी अध्यक्ष.

जो आरडाओरडा होतो तो थांबवू नका. दोन मिनिटांनी विचारा, नऊच्या टेबलावर तिखटाला आठ मतं मिळाली, पाच मिळाली असती तर काय फरक पडला असता? शांतता. कोणीतरी हळूच म्हणतं, काहीच नाही, बाकीची तीन वाया. मग सातच्या टेबलावर एक चिठ्ठी फिरली असती तर? सगळंच उलटलं असतं. एवढं त्यांच्या तोंडून आलं की स्विंग स्टेट (थोडक्या मतांनी कुठेही झुकू शकणारं राज्य) ही भानगड काय ते शिकवून झालं.

आता खरे आकडे. एकूण ५३८, जिंकायला २७०. कॅलिफोर्निया ५४, टेक्सास ४०, फ्लोरिडा ३०, पेनसिल्व्हेनिया १९, न्यू जर्सी १४, वायोमिंग ३. राजधानी वॉशिंग्टन डीसी राज्य नाही तरी तिलाही ३, १९६१ च्या २३ व्या घटनादुरुस्तीने. मुलांना भागाकार करायला लावा : वायोमिंगमध्ये साधारण १ लाख ९२ हजार लोकांमागे एक इलेक्टर, कॅलिफोर्नियात ७ लाख ३० हजारांच्या आसपास लोकांमागे एक. आता सिक्कीमचा ७ आणि महाराष्ट्राचा १७५ परत फळ्यावर लिहा. तिकडे आमदाराचं वजन लोकसंख्येच्या हिशोबात बसवलंय, इकडे छोट्या राज्याला वरून दोन मिळतात. विचित्र कोण ते मग ठरवा म्हणावं.

‘जिंकेल त्याला सगळे’ हा नियम संविधानात नाही, राज्यांनी आपापला केलेला आहे, हे बऱ्याच मोठ्या माणसांनाही माहीत नसतं. मेन आणि नेब्रास्का वेगळं करतात, दोन इलेक्टर राज्यभर जिंकणाऱ्याला आणि बाकीचे एकेका मतदारसंघाप्रमाणे. पाकिटांचा खेळ तसाही एकदा खेळून बघता येतो.

मग इतिहास. जास्त मतं घेऊन हरलेले काही एकदोघे नाहीत, १८२४, १८७६, १८८८, २००० आणि २०१६. सगळे सांगत बसू नका, २००० घ्या. देशभरात डेमोक्रॅट गोर पाच लाखांहून जास्त मतांनी पुढे, पण सगळं फ्लोरिडावर अडलं, तिथे अधिकृत फरक ५३७ मतांचा. पाचशे सदतीस! मी मुलांना सांगते तुमच्या हायस्कूलच्या नुसत्या नववीत याहून जास्त पोरं असतील. रिपब्लिकन बुश २७१ वर गेले. आणि उलटं उदाहरण म्हणून १९९२ चे अपक्ष उमेदवार रॉस पेरो, जवळजवळ १९ टक्के मतं आणि इलेक्टर शून्य, कारण मतं देशभर पसरलेली, एकही टेबल जिंकलं नाही.

आमच्या भागातल्या मुलांना आणखी एक गोष्ट दाखवता येते. दक्षिण जर्सीत चेरी हिलकडे टीव्हीवर फिलाडेल्फियाची चॅनल्स लागतात. न्यू जर्सीसाठी कोणी पैसा खर्च करत नाही पण पेनसिल्व्हेनियासाठी पाण्यासारखा ओततात, त्यामुळे नदीच्या अलीकडच्यांना त्यांच्या मताला कोणी विचारत नसतानाही रात्रंदिवस जाहिराती बघाव्या लागतात. चेरी हिलच्या मावशीकडे गेलेल्या पोराला हे लगेच कळलं.

२६९-२६९ झालं तर? हा प्रश्न येतोच. हाउसमध्ये, म्हणजे संसदेच्या खालच्या सभागृहात जातं, तिथे प्रत्येक राज्याला एकच मत, २६ हवीत, आणि उपाध्यक्ष सिनेट निवडते. एवढं पुरे.

चौथा रविवार : बॅलट आणि कॅलेंडर

सॅम्पल बॅलट सगळ्यांच्या हातात द्या आणि काही न बोलता पाच मिनिटं वाचू द्या. मुलांना वाटतं त्यावर दोन नावं असतात. प्रत्यक्षात वर अध्यक्ष आणि उपाध्यक्ष जोडीने, दोनाहून जास्त जोड्या, खाली हाउस, काउंटी, टाउनशिप, स्कूल बोर्ड, कधी एखादा सार्वजनिक प्रश्न. इथे दाण्यांच्या वाट्या परत काढा : स्कूल बोर्डाच्या उमेदवाराला मत द्यायचं तर कुठल्या वाटीत किती? तिथे पक्षाचं नाव छापलेलंच नसतं. मुलं अडतात, आणि मुलाखतीतली बरीच उत्तरं इथे येऊन जुळतात. एका मुलाच्या शेजारच्या आजोबांनी सांगितलं होतं की खालची नावं ओळखीची नसली की ते मोकळीच सोडतात, तर वर्गात वीस मिनिटं त्यावर वाद, की ते प्रामाणिक की आळशी.

कॅलेंडर मात्र पटापट उरका. नोव्हेंबरच्या पहिल्या सोमवारनंतरचा मंगळवार, हा कायदा १८४५ चा, रविवारी चर्च, बुधवारी बाजार, आणि घोडागाडीने यायला एक दिवस, असा शेतकऱ्यांचा हिशोब. त्या रात्री टीव्हीवाले ‘जिंकले’ म्हणतात ते अंदाज असतात, अधिकृत काही नाही. २००० मध्ये फ्लोरिडा आधी गोरना देऊन मागे घेतलं, मग बुशना देऊन तेही मागे घेतलं. पुढे राज्यं निकाल प्रमाणित करतात, डिसेंबरच्या मध्यात इलेक्टर आपापल्या राज्यात जमून मतं देतात (२०२४ मध्ये १७ डिसेंबरला), ६ जानेवारीला काँग्रेससमोर (म्हणजे संसदेसमोर) मोजणी आणि २० जानेवारीला दुपारी बारा वाजता शपथ. इलेक्टरने ऐनवेळी दुसऱ्यालाच मत देऊन दगा दिला तर राज्य त्याला शिक्षा करू शकतं, सुप्रीम कोर्टाने २०२० मध्येच सांगितलंय.

शेवटची पंधरा मिनिटं नावनोंदणीला ठेवा. मतदानाचं वय १८, १९७१ च्या २६ व्या दुरुस्तीने, व्हिएतनामला लढायला चालतो मग मत द्यायला का नाही या वादातून आलेलं. पण न्यू जर्सीत १७ व्या वर्षी नाव नोंदवून ठेवता येतं, कॅलिफोर्नियात १६ व्या वर्षी, तुमच्या राज्याचं बघून घ्या. आणि हे अगदी स्पष्ट सांगा की जे मूल नागरिक नाही त्याने फॉर्म अजिबात भरायचा नाही, डीएमव्हीत (लायसन्सच्या ऑफिसात) कोणी पुढे सरकवला तरी नाही, नागरिक आहे असं चुकून लिहिलं तरी पुढे ग्रीन कार्ड अडतं, देशाबाहेर जायची सुद्धा वेळ येऊ शकते. हे सगळ्यांसमोर एकदाच सांगायचं, कोण नागरिक आहे नाही ते हात वर करून विचारायचं नाही.

पाकिटं परत चिकटवून टेबलवार झिपच्या पिशव्यांत भरून ठेवा, वरती ९, ७, ५ असं मार्करने लिहून, चार वर्षांनी लागतात. राजमा मात्र टाकून द्या, एका वर्षी मी तो घरी नेऊन भिजत घातला होता, आणि नवऱ्याला कसं कोण जाणे पण कळलं की हा वर्गातला.